फ्लॅट आईच्या नावावर आहे असं सगळ्यांना वाटत होतं: रिडेव्हलपमेंटच्या तोंडावर एका घराचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत, पण कागद कुठल्या क्रमाने झाले, कुठे अडलं आणि कुणी काय ठरवलं ते आहे तसंच ठेवलंय. मी वकील आहे, वारसा, मृत्युपत्र, हक्कसोड अशी कामं करते. हे प्रकरण मुद्दाम लिहितेय कारण यात कुणी लबाड नव्हतं, कोर्टबाजी नव्हती, सगळे बऱ्यापैकी चांगली माणसं होती आणि तरीही एक म्हातारी बाई बेघर होण्याच्या अगदी जवळ आली होती, तेही स्वतःच्याच सहीने.

पार्श्वभूमी

या घरातल्या आईला मी काकू म्हणते आणि वडिलांना काका. काकूंचं वय तेव्हा ७६. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कोथरूडमधला टू बीएचके त्यांनी १९८८ साली ऑफिसच्या कर्जातून घेतला होता, तिसरा मजला, लिफ्ट नाही. २०१९ मध्ये काका गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. सोसायटीत नॉमिनेशन काकूंच्या नावाने होतं म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव चढवलं, मिळकत कराची पावती त्यांच्या नावाने यायला लागली आणि घरात सगळ्यांनी धरून टाकलं की फ्लॅट आता आईचा.

मुलं तीन. थोरला अमेरिकेत न्यू जर्सीला, तिकडेच स्थायिक. मधली मुलगी नाशिकला, तिला घरात सगळे ताई म्हणतात, तिचे मिस्टर खाजगी नोकरीत आणि दोन मुलं शिकतायत. धाकटा पुण्यातच, काकूंसोबत त्याच फ्लॅटमध्ये, बायको आणि एक मुलगी. काकांचं शेवटचं आजारपण त्याने आणि त्याच्या बायकोने काढलं हे बाकी दोघंही मान्य करतात.

साताऱ्याकडे काकांच्या वडिलांची थोडी शेतजमीन आहे, सातबाऱ्यावर चुलत मिळून बरीच नावं. तिथे काकांच्या जागी चौघांची वारसनोंद करून घेतली आणि तो विषय बाजूला ठेवला. वाटपाचं भांडण तिथे वेगळं आहे, ते इथे कशाला आणा.

अडचण

२०२३ मध्ये सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर ठरला, प्रत्येक सभासदाशी करार व्हायचा होता आणि बिल्डरच्या वकिलाने प्रत्येक फ्लॅटची टायटलची, म्हणजे मालकीची, कागदपत्रं मागितली. धाकटा माझ्याकडे आला तेव्हा त्याचं म्हणणं साधं होतं, आईचं वय झालंय, तिला धावपळ नको, ती आत्ताच मला बक्षीसपत्र करून देतेय, मग करार माझ्या नावाने होईल, दादाची हरकत नाही आणि ताईला तर काही नकोच आहे. महाराष्ट्रात आईने राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये, वर शहरातला अधिभार, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि ते बरोबरच होतं.

पण काकू तो फ्लॅट देऊच शकत नव्हत्या, कारण तो पूर्ण त्यांचा नव्हता. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची स्वकष्टाची मालमत्ता बायको आणि सगळ्या मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता, सारखी जाते, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे. काकांची आई आधीच वारली होती. म्हणजे चार वाटे, चौघांचा पाव पाव हिस्सा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा एवढ्यापुरतं ते नाव. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात तर सरळच लिहिलंय की वारस रेकॉर्डवर येईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. पण शेअर सर्टिफिकेट हातात असलं की लोकांना तोच मालकीचा पुरावा वाटतो, कमिटीलाही वाटतो.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. काकूंना विसरायला व्हायला लागलं होतं. दूधवाल्याचे पैसे दोनदा दिले, गॅस चालू राहिला, आज वार कोणता हे त्या विचारायच्या आणि थोड्या वेळाने परत विचारायच्या. धाकट्याने हे मला सहज बोलता बोलता सांगितलं, कागदांशी याचा काही संबंध आहे असं त्याच्या डोक्यातही नव्हतं. आणि खरं तर सगळ्यात घाईचा मुद्दा तोच होता, बिल्डरची तारीख पुढे ढकलता येते, हे नाही.

काकूंशी एकटीने बोलणं

मी धाकट्याला सांगितलं की काकूंशी मला एकटीने बोलायचंय, तुम्ही आणि वहिनी बाहेर बसा. त्याला थोडं लागलं, पण बसला. मी हे प्रत्येक वेळी करते आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी लागतंच.

काकू एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या होत्या, त्यात पासबुकं, काकांचा मृत्यूचा दाखला आणि जुन्या डायरीचं एक पान, त्यावर पाटल्या, तोडे, मोहनमाळ, प्रत्येकाचं वजन तोळ्यात, आणि समोर कुठल्या सराफाकडून कधी घेतलं ते. ते पान न बघता त्यांनी मला सगळं पाठ सांगितलं. पुढे लगेच विचारलं, आज सोमवार ना? गुरुवार होता.

बक्षीसपत्राबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मी सही करीन हो, त्याने खूप केलंय आमचं. पण मग मी कुठे राहायचं ते त्यात कुठे लिहिलंय?"

मसुदा धाकट्याने कुणाकडून तरी टाईप करून आणला होता, मी तो परत वाचला. खरंच कुठेही लिहिलेलं नव्हतं. काकूंना घर मुलाला द्यायचंच होतं, पण ते आज हातातून जावं हे नको होतं, आणि हा फरक आत्तापर्यंत त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. थोरल्याला काहीच नाही असंही त्यांना नको होतं, "तो म्हणतो नको, पण म्हणून मी त्याला विसरले असं होऊ नये."

पर्याय

पहिला पर्याय, तिघंही मुलं आईच्या नावाने हक्कसोड करतात आणि आई लगेच धाकट्याला बक्षीसपत्र करते. कागद कमी, बिल्डर खूश, धाकट्याला कर्ज सोपं. पण नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून मागता येतं. लोक या कलमावर फार विसंबतात. डिसेंबर २०२२ मध्येच सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ही सांभाळाची अट होती हे दाखवता आलं पाहिजे, नुसतं आईने मुलाला दिलं एवढ्यावर भागत नाही. (पुढे जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात कोर्टाने ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे अर्थ लावायला सांगितलं आणि आईला मालमत्ता परत मिळाली, पण तिथेही सांभाळ करीन असं मुलाने लिहून दिल्याचा कागद होताच.) आणि विसरायला होणारी बाई न्यायाधिकरणात जाऊन कधी आणि काय सांगणार?

दुसरा पर्याय, तिघांची हक्कसोड आईच्या नावाने आणि आई मृत्युपत्र करते. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं, स्टॅम्प ड्युटी नाही, आईचा हात शेवटपर्यंत वर राहतो. माझा सुरुवातीला कल याकडे होता.

तिसरा, चौघांची नावं तशीच ठेवून चौघांनी करार करायचा. कायद्याने सगळ्यात स्वच्छ, पण थोरला अमेरिकेत, प्रत्येक सहीला अडणार.

थोरल्याने फोनवर चौथा सुचवला, आमच्याकडे ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) करतात, तशी आईकडून करून घ्या म्हणजे पुढे तिला कळेनासं झालं तरी काम चालेल. तसं इथे होत नाही. आपल्याकडे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की पॉवर ऑफ ॲटर्नी संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ती उपयोगाची राहत नाही. नंतर पालक नेमून घ्यायचा तर हायकोर्टात अर्ज, मेडिकल बोर्ड, खर्च. ट्रस्टचाही विचार झाला आणि लगेच सोडला, एका फ्लॅटसाठी तो खर्च आणि कायमचे हिशेब झेपले नसते.

ताईचा मुद्दा

दुसरा पर्याय जवळजवळ ठरला होता तेव्हा मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "मला माहेरचं काही नको मॅडम, पाठवा कागद, सही करते." हे वाक्य मी इतक्या बहिणींच्या तोंडून ऐकलंय की त्यावर विश्वास ठेवायच्या आधी मी आकडा सांगते. तिला सांगितलं, ताई तुम्ही पुण्यातल्या नव्या फ्लॅटचा पाव हिस्सा सोडताय, तो आईकडे जाणार आणि आईच्या मृत्युपत्राने बहुतेक धाकट्याकडे. त्याची बाजारातली किंमत अमुक. आणि मी आईची वकील आहे, तुमची नाही, नाशिकला तुमचा वेगळा वकील बघा आणि त्यांना विचारून मग सही करा.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली विचार करून सांगते.

तिने हिस्सा सोडायचा नाही असं ठरवलं. धाकट्याला ते फार लागलं. "आई आम्ही सांभाळायची आणि हिस्सा हिचा" असं तो माझ्या ऑफिसात मोठ्याने बोलला, त्या वर्षी तो भाऊबीजेला नाशिकला गेला नाही. त्याचं दुःख खोटं नव्हतं, सांभाळ करणाऱ्याला कायदा वेगळं काही देत नाही आणि हे मलाही बोचतं. पण त्याचा उपाय बहिणीचा हिस्सा नव्हे, आईने स्वतःच्या हिश्श्यातून द्यावं हा आहे. त्याला हे पटवायला सगळ्यात जास्त मदत त्याच्या बायकोने केली, ती म्हणाली ताईंचं आहे ते ताईंचं, आपण आईंच्या वाट्याचं बोलू.

काय केलं

थोरल्याने एकट्यानेच आपला पाव हिस्सा आईला सोडला. मुलाने आईला बक्षीसपत्र केलं तर ती २०० रुपयांची सवलत नाही, ३ टक्के लागतात, म्हणून विनामोबदला हक्कसोडपत्र केलं, त्याला ड्युटी नाममात्र. तो येऊ शकत नव्हता म्हणून फक्त या एका कामापुरती पॉवर ऑफ ॲटर्नी, ती त्याने तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) करून कुरियरने पाठवली, इकडे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, ही मुदत बरेच लोक चुकवतात. पॉवर कुणाला द्यायची यावर मी अडून बसले, धाकट्याला नाही आणि ताईलाही नाही, ज्याला फ्लॅटमध्ये काही मिळणार नाही अशाला. काकूंचा भाचा तयार झाला.

आता काकूंचा अर्धा, ताईचा पाव, धाकट्याचा पाव. सोसायटीत वारस रेकॉर्डवर आणले, काकू पहिलं नाव आणि बाकी दोघं सहसभासद, बिल्डरशी करार तिघांच्या नावाने.

मग तिघांचा कौटुंबिक समजुतीचा करार केला आणि तो रजिस्टर केला. काकू हयात असेपर्यंत नव्या फ्लॅटमध्ये राहणार, तोवर कुणी वाटप किंवा विक्री मागायची नाही, नंतर ताईचा हिस्सा विकत घ्यायचा पहिला हक्क धाकट्याचा आणि किंमत व्हॅल्युअरने ठरवायची. यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम भाड्याचं होतं. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर दरमहा भाडं देतो आणि म्हाताऱ्या माणसाची खरी आबाळ त्या मधल्या तीन-चार वर्षांत होते, घर नाही, पैसा दुसऱ्याच्या खात्यात, माणूस पाहुण्यासारखं या मुलाकडून त्या मुलाकडे. म्हणून तिघांचं मिळून येणारं सगळं भाडं काकूंच्या खात्यात जाईल असं लिहिलं, खातं काकू आणि धाकट्याचं जॉइंट, दोघांपैकी कुणीही चालवावं असं, आणि त्याचं स्टेटमेंट दर महिन्याला तिघा भावंडांना ईमेलवर. पेन्शनचं खातं काकूंचं वेगळं ठेवलं.

मृत्युपत्र त्याच आठवड्यात. त्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, सुरुवातीची स्मृतीची तक्रार आहे पण स्वतःची मालमत्ता, मुलं आणि आपण काय करतोय हे त्यांना पूर्ण कळतं असं त्यांनी लिहून दिलं. विसरभोळेपणा आला म्हणजे मृत्युपत्र करता येत नाही असं नाही, सही करताना भान असलं पाहिजे, आणि ते होतं हे नंतर सिद्ध करता आलं पाहिजे. साक्षीदार दोन, एक फॅमिली डॉक्टर आणि एक शेजारचे रिटायर बँक मॅनेजर. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही तरी केलं. रजिस्ट्रार ऑफिसात साहेबांनी विचारलं आजी हे काय आहे, तर काकू म्हणाल्या माझ्या मागे कुणाला काय द्यायचं त्याचा कागद, आणि मी हा बदलू शकते.

फ्लॅटमधला त्यांचा अर्धा हिस्सा धाकट्याला. मोहनमाळ आणि एफडी ताईला. साताऱ्याच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा थोरल्याला. आणि पाटल्या सुनेला, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, तिचं नाव तोवर कुठल्याच कागदात आलं नव्हतं. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, तोच भाचा. मसुद्यात एक वाक्य मुद्दाम घातलं, सध्याचा फ्लॅट किंवा त्याच्या बदल्यात मिळणारा नवा फ्लॅट, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) आणि येणे असलेली कुठलीही रक्कम. रिडेव्हलपमेंटमध्ये जुना फ्लॅट पाडला जातो, आणि मृत्युपत्रात फक्त तिसरा मजला अमुक नंबर एवढंच लिहिलं असेल तर लिहिलेली वस्तूच उरत नाही आणि वाद सुरू होतो.

काय झालं

बिल्डिंग पाडली, काकू धाकट्याबरोबर जवळच भाड्याच्या घरात राहिल्या, या वेळी लिफ्ट असलेल्या. भाडं त्यांच्या खात्यात येतंय, त्यातून घरभाडं आणि दिवसभराची बाई. २०२५ पर्यंत त्यांची स्मृती बरीच गेली, थोरल्याला व्हिडिओ कॉलवर त्या कधी ओळखतात कधी नाही. आज त्यांच्याकडून यातला एकही कागद करून घेता आला नसता.

धाकटा आणि ताई पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला भेटले. पूर्वीसारखं आहे असं दोघंही म्हणत नाहीत.

एक ठिकाणी मात्र कागद तोकडे पडले. धाकट्याला नव्या फ्लॅटमध्ये जास्तीचा एरिया विकत घ्यायचा होता आणि बँकेने सांगितलं तिघंही मालक कर्जात हवेत. ताईच्या मिस्टरांनी नकार दिला, काकूंना बँकेत उभं करणं शक्य नव्हतं. शेवटी त्याने पीएफमधून पैसे काढून घातले आणि त्या जास्तीच्या जागेचे पैसे हिस्से मोजताना त्याला वेगळे धरायचे असं ताईने लिहून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

काकांचं एक पानी मृत्युपत्र असतं तर यातलं बरंचसं लागलंच नसतं. २०१९ मध्ये सोसायटीत नाव बदलताना कुणीतरी विचारलं असतं की वारस कोण कोण, तर काकू ठणठणीत असताना, बिल्डरची तारीख डोक्यावर नसताना हे बोलणं झालं असतं.

ताईशी बोलणं सगळ्यात शेवटी झालं कारण तिचं उत्तर काय असणार हे सगळ्यांनी आधीच धरलं होतं. ते पहिल्याच बैठकीत झालं असतं तर धाकट्याने मनात पूर्ण फ्लॅट धरला नसता आणि त्याला काही हिरावून घेतल्यासारखं वाटलं नसतं. जास्तीच्या एरियाचा मुद्दाही करारातच असता तर पीएफला हात लावायची वेळ कदाचित आली नसती.

आणि आजारपणाचा कागद राहिला. लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतःला सांगता येईनासं झालं तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, ते २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. काकूंपुढे हा विषय मी काढला होता, पण मुलांना तो अशुभ वाटला, नंतर बघू म्हणाले, काकूही गप्प बसल्या. आता त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे त्या सांगू शकणार नाहीत, ते तिघांना ठरवावं लागणार आणि तिघांची मतं एक नाहीत. सध्या त्यांनी एवढंच केलंय की फॅमिली डॉक्टरांकडे लेखी देऊन ठेवलंय, काही झालं तर पहिला फोन सुनेला, कारण काकूंच्या गोळ्या, ॲलर्जी आणि रात्री त्या कशाने शांत होतात हे तिलाच माहीत आहे, आणि मोठा निर्णय तिघांच्या एकत्र कॉलशिवाय घ्यायचा नाही.